राखीव श्वास

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील बेटांनी वेढलेल्या स्कापा फ्लो या विस्तीर्ण नैसर्गिक बंदराच्या तळाशी पहिल्या महायुद्धातील जर्मन आरमाराच्या सात मोठ्या नौका आजही पडून आहेत. तीन अजस्र युद्धनौका आणि चार क्रूझर. त्या पाहण्यासाठी हौशी पाणबुड्यांचे गट दरवर्षी तेथे जातात. दहा-बारा जण मिळून आठवडाभरासाठी एक बोट भाड्याने घेतात आणि तिची ठरवाठरवी कित्येक महिने आधी सुरू होते. आगाऊ रक्कम कोणी किती भरायची, स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉमनेसला जाणारी कोणती फेरीबोट गाठायची, कोणाची जोडी कोणाबरोबर लावायची, असे प्रश्न कोणाच्या तरी घरी, हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी, चहाचे पेले पुढे ठेवून चर्चिले जातात. वरवर पाहता ही सारी व्यवहाराची बाब. परंतु या यादीच्या तळाशी एक प्रश्न असा असतो की जो सहसा कागदावर उतरत नाही. इतक्या दूरवर, इतका खर्च करून गेल्यावर, केवळ दुसऱ्यासाठी मागे फिरण्याची वेळ आली तर प्रत्येक जण ती कशी स्वीकारील, हा तो प्रश्न होय.

उष्ण कटिबंधातील निळ्याशार पाण्यात हा प्रश्न इतका तीव्र होत नाही. थंड समुद्र मात्र माणसाला सवलत देत नाही. स्कापा फ्लोचे पाणी हिवाळ्याच्या अखेरीस सहा-सात अंशांपर्यंत उतरते आणि ऐन उन्हाळ्याच्या शेवटीही चौदा अंशांच्या फारसे वर चढत नाही. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने हिरावून घेते. ड्राय सूट घातला तरी बोटे बधिर होतात. पाणी १० अंशांखाली गेले की आणखी एक धोका उद्भवतो. सिलिंडरमधील दाबाखालची हवा रेग्युलेटरमध्ये एकाएकी प्रसरण पावते, त्यामुळे ती अतिशय थंड होते, आतील ओलावा गोठतो आणि झडप उघडी राहून हवा भसाभस वाहून जाऊ लागते. खोलीची गोष्ट आणखी निराळी. साधारण ३० मीटरांच्या खाली नायट्रोजन मेंदूवर मद्यासारखा अंमल करू लागतो. अंगातील ऊब आणि डोक्यातील विवेक ही दोन्ही एकाच वेळी क्षीण होत जातात, आणि क्षीण होत असल्याची जाणीवही त्यांच्याबरोबरच मंदावते.

म्हणूनच पाण्यातील निर्णय काठावर घेऊन ठेवावे लागतात. योजना याचा खरा अर्थ, शुद्धीवर असलेल्या माणसाने पुढे बधिर होणाऱ्या स्वतःच्याच वतीने केलेला करार. त्यातील सर्वांत बोलके कलम हवेच्या हिशेबाचे असते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणारा मनुष्य पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर ३० मीटरांवर, जेथे दाब चौपट असतो, तेथे तो ८० लिटर वापरील. हिशेब सरळ दिसतो : तीस मिनिटे. परंतु जाणता पाणबुडा असा हिशेब करीत नाही. तो आधी जोडीदाराची हवा संपल्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणतो. दोघे घाबरलेले, दोघांचा श्वास दीडपट वेगाने चाललेला, दोघे एकाच सिलिंडरवर. गोंधळ सावरण्यास एक मिनिट, सावकाश वर येण्यास साडेतीन मिनिटे, पाच मीटरांवर थांबण्यास तीन मिनिटे. या बेरजेला हजारापेक्षा थोडी अधिक लिटर हवा लागते. ती बाजूला ठेवली की तळाशी रमण्यास तिसांऐवजी सतराच मिनिटे उरतात. राखून ठेवलेल्या हवेतील निम्मी, म्हणजे भरलेल्या सिलिंडरचा एक-पंचमांशाहून अधिक भाग, ज्याच्या पाठीवर आहे त्याची नसतेच.

परोपकाराच्या इतिहासात दानाचे अनेक प्रकार सांगितलेले आहेत, परंतु हा प्रकार त्यांत सहजी बसत नाही. येथे दाता काही देत नाही. तो केवळ खर्च करीत नाही. बहुतेक वेळा ती हवा जशीच्या तशी परत येते आणि तिच्यासाठी गमावलेली तेरा मिनिटे कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने असे दाखवून दिले होते की एका होडीत बसून दोघे वल्ही मारतात, ते परस्परांना कोणतेही वचन न देता. ह्यूमचे निरीक्षण मार्मिक आहे. पण वल्हवणाऱ्यांपैकी एक थांबला तर दुसऱ्याला ते त्याच क्षणी कळते. गढूळ, हिरवट पाण्यात जोडीदाराने आपल्या वाट्याचा श्वास राखला आहे की नाही, हे गरज पडेपर्यंत दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्यासाठी वचन लागते, आणि ते पाळले गेल्याचा पुरावा सहसा कधीच मिळत नाही.

या वचनाचा दुसरा भाग म्हणजे पाणबुड्यांतील एक जुना संकेत : कोणीही, केव्हाही, कारण न सांगता बुडी थांबवू शकतो. अंगठा वर करून खूण केली की जोडीदाराने वर निघायचे. पाण्याखाली त्यावर चर्चा नाही आणि वर आल्यावर जाब विचारणे नाही. कारण विचारण्याची मुभा ठेवली की वादाला जागा होते आणि वादात जो अधिक सराईत तो जिंकतो. शिवाय अनेकदा खूण करणाऱ्यालाही कारण ठाऊक नसते. छातीत काहीतरी दडपल्यासारखे वाटते, एवढेच. त्या अस्पष्ट जाणिवेला शब्द सापडेपर्यंत थांबणे, हाच अपघाताचा नेहमीचा आरंभ असतो.

संकेत उच्चारणे मात्र सोपे आहे. नकाराचा अधिकार सर्वांना आहे असे बोटीवर जाहीर करून एखाद्याने मोठेपणा मिळवावा आणि प्रत्यक्षात त्या अधिकाराची किंमत इतकी चढवून ठेवावी की तो वापरण्याचे धैर्य कोणाला होऊ नये, असे सहज घडते. पैसे भरलेले असतात, रजा मोजून घेतलेली असते, जोडीदाराने या एका बुडीची वर्षभर वाट पाहिलेली असते. अशा वेळी मागे फिरणाऱ्याला कोणी दोष दिला नाही, तरी बोटीवरील शांतता दोष देते. तेव्हा नकाराचे स्वातंत्र्य ही केवळ सदिच्छा पुरेशी नाही. ती व्यवस्था असावी लागते. एक जण थांबला तर त्याच्या जोडीदाराला तिसरा म्हणून कोणाबरोबर जाता येईल, हे आधीच ठरलेले असावे. खोल युद्धनौकेऐवजी त्या दिवशी पाहण्याजोगे उथळ ठिकाण यादीत असावे. बुडी रद्द झाली तर पैशांचे काय, याची बोलणी चहाच्या पेल्यांपाशीच संपलेली असावीत. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत गटातील सर्वांत अनुभवी माणसाने एकदा तरी 'आज नको' असे म्हणावे. त्याच्या या शब्दांमुळे इतरांच्या भीतीला प्रतिष्ठा मिळते.

यावर आक्षेप येईल तो असा की हे तर दुबळ्यांचे राज्य झाले. एकाच्या लहरीने दहा जणांचा आनंद का हिरावला जावा? आक्षेप अगदीच निराधार नाही. याचे उत्तर पाण्यात सापडत नाही, काठावर सापडते. ज्याला कारण न सांगता परत फिरता यायचे आहे त्याने निघण्यापूर्वी सर्व काही खरे सांगितले पाहिजे. किती बुड्या झाल्या, ड्राय सूटचा सराव किती, औषध कोणते चालू आहे, मागच्या वेळी काय चुकले. काठावर कारणे विचारावीत, पाण्यात विचारू नयेत. ज्या गटात याच्या उलट घडते, म्हणजे निघताना भिडेपोटी कोणी काही विचारीत नाही आणि परत फिरणाऱ्याला मात्र खुलासे मागितले जातात, तो गट केवळ एकाच बोटीत बसलेल्या माणसांचा असतो.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाच्या वाटेने निघतात. द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ पडतो. दरवेळी भीम कारण विचारतो आणि दरवेळी युधिष्ठिर ते सांगतो : हिचा पक्षपात, याचा ज्ञानाचा गर्व, त्याचा रूपाचा. कारण सांगून तो मागे वळून न पाहता चालू लागतो. शेवटी सोबत आलेल्या कुत्र्यासाठी मात्र तो स्वर्ग नाकारतो. त्या थंड वाटेवरचे हे दोन युधिष्ठिर वाचकाला आजही अस्वस्थ करतात. पडणाऱ्याला कारण चिकटवता आले की त्याला मागे टाकणे सोपे जाते, हे पहिला युधिष्ठिर नकळत दाखवतो. ज्याच्याविषयी कारणच विचारले गेले नाही, केवळ तो सोबत आला एवढेच पाहिले गेले, त्याच्यासाठी दुसरा थांबतो.

स्कापा फ्लोच्या तळाशी उलट्या पडलेल्या युद्धनौकांपैकी एक 'मार्कग्राफ'. ऑक्टोबर १९१८च्या अखेरीस, युद्ध हरल्यातच जमा असताना, जर्मन नौदलश्रेष्ठींनी ब्रिटिश आरमारावर अखेरची चाल करून जाण्याचा बेत आखला. अनेक नौकांवरील खलाशांनी नकार दिला. त्यांत 'मार्कग्राफ'वरचे खलाशीही होते आणि त्यांतील कित्येकांना कील येथे कैद करण्यात आले. त्यांच्या सुटकेच्या मागणीतून उठलेल्या उठावाने काही दिवसांतच जर्मन साम्राज्य कोसळले. नौका स्कापा फ्लोमध्ये अडकवून ठेवण्यात आल्या आणि २१ जून १९१९ रोजी रिअर अॅडमिरल फॉन रॉयटरच्या आज्ञेने जर्मनांनी स्वतःच त्या बुडवल्या. ७४ पैकी ५२ नौका त्या दिवशी तळाला गेल्या.

'मार्कग्राफ' आता सुमारे ४५ मीटर खोलीवर आहे. तिच्या पोलादाला हात लावणाऱ्या पाणबुड्याला एवढा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. ज्या नौकेवर एकेकाळी 'नको' म्हणण्याची शिक्षा तुरुंग होती, तिच्या शेजारी कोणीतरी बधिर अंगठा वर करतो. जोडीदार क्षणभर त्या काळोख्या आकृतीकडे पाहतो, मान हलवतो आणि त्याच्याबरोबर वर निघतो. त्याच्या सिलिंडरमध्ये अजून पुष्कळ हवा असते.