टोळीची उचल

मननासाठी वचने : नीतिसूत्रे १:१०-१९, १ शमुवेल २२:१-२



आपल्या शिरोळ तालुक्यात ‘टोळी’ आणि ‘कोयता’ हे दोन्ही शब्द कष्टाचे आहेत. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा ऊस पक्व झाला व साखर कारखान्यांची धुराडी पेटली, म्हणजे बीडकडील तोडकरी आपला संसार गाडीवर घालून येतात. त्यांच्या जथ्यास आपण टोळी म्हणतो. कामावर येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ असे नाव आहे. मुकादम त्यांस हंगामापूर्वी जी रक्कम देतो ती उचल. ती एकदा घेतली की फिटेपर्यंत ऊस तोडणे आले. पुष्कळांची ती एका हंगामात फिटत नाही, आणि पुढील वर्षी त्याच मुकादमाच्या मागे पुन्हा यावे लागते. वाचकांनी हे तीन शब्द ध्यानात ठेवावे.

सन २०२२-२३ च्या सुमारास पुणे शहरात ‘कोयता गँग’ हे नाव वर्तमानपत्रांतून रोज वाचावयास मिळू लागले. मिसरूडही न फुटलेली मुले हातात कोयता घेऊन रस्त्यावर येत, दुकाने व गाड्या फोडीत, आणि भेदरलेल्या लोकांस पाहून त्यांस आपण कोणी मोठे झालो असे वाटे. शेवटी कोयता विकत घेणाराची ओळख दुकानदाराने नोंदवून घ्यावी, अशी पाळी आली. यशया संदेष्ट्यास असा दिवस दिसला होता की लोक युद्धाची हत्यारे मोडून त्यांची शेतीची अवजारे घडवितील. योएलाच्या ग्रंथात ह्याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. तेथे शेताची अवजारे लढाईसाठी मोडली जातात. ज्या कोयत्याने आमच्या तालुक्यात हजारो लोक पोट भरतात, त्याच कोयत्याने पुण्यातील मुले दहशत घालू लागली, हे योएलाच्या बाजूचे चिन्ह होय.

पुणे दूर आहे, असे कोणी म्हणू नये. आमच्या शेजारच्या इचलकरंजी शहरातील टोळ्यांवरही संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली कारवाई झालेली आहे. आणि इचलकरंजीच्या मागांवर शिरोळ तालुक्यातील किती घरांची चूल पेटते, हे आपणांस सांगावयास नको.

मुले टोळीत का जातात? ह्याचे उत्तर बहुतेक लोक एका शब्दात देतात. कोणी म्हणतो, दारिद्र्य. कोणी म्हणतो, सिनेमा. हल्ली सर्व दोष मोबाईलच्या माथी मारण्याची चाल पडली आहे. ह्या प्रत्येकात थोडे तथ्य आहे, परंतु आमचे समाधान होत नाही. मुंबईचा मन्या सुर्वे हा कीर्ती महाविद्यालयात शिकलेला तरुण होता. दाऊद इब्राहिमचा बाप तर पोलीस हवालदार होता. आणि ज्या घरांत दोन वेळची भाकर कष्टाने मिळते, अशा लाखो घरांतील मुले टोळीच्या वाऱ्यासही उभी राहत नाहीत. तेव्हा पोटाच्या भुकेखेरीज दुसरी एखादी भूक येथे असली पाहिजे.

ती कोणती, हे गिरणगावाच्या इतिहासावरून कळते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. त्यांत कोकणचे लोक होते, तसेच सातारा, सांगली व कोल्हापूरकडचेही पुष्कळ होते. तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. टोळ्या ह्या संपापूर्वीही होत्या, हे खरे. मन्या सुर्वे संपाच्या सातच दिवस आधी, ११ जानेवारीस, वडाळ्यास पोलिसांच्या गोळीने मेला. परंतु संपानंतर लालबाग, परळ, भायखळा ह्या भागांतील टोळ्यांस तरुणांची वाण पडली नाही. असे का व्हावे? गिरणीत बापाच्या ओळखीने मुलगा बदली कामगार म्हणून लागे, हळूहळू कायम होई, आणि लोक त्यास अमक्या खात्यातील अमक्याचा मुलगा म्हणून ओळखीत. चाळीत त्याचा बाप मान ताठ ठेवून वावरे. भोंगा बंद झाला आणि तो बाप दिवसभर खाटेवर बसून राहू लागला. मुलास पगार तर नाहीच, पण आपण कोण, कोणाचे, ह्याचे उत्तरही उरले नाही. नेमके त्याच वेळी चाळीच्या कोपऱ्यावर उभा असलेला दादा म्हणाला, तू आपला माणूस.

आता नीतिसूत्रांतील आपला भाग पाहा. पापी लोक तरुणास बोलावितात, ते कोणत्या शब्दांनी? लुटीचे वर्णन तेथे आहे खरे. परंतु त्यांच्या बोलण्याचा रोख सोबतीवर आहे. आमच्याबरोबर चल, आमच्यात वाटेकरी हो, सर्वांची मिळून एक थैली असू दे, असा त्यांचा आग्रह आहे. ज्ञानी पुरुषाने तीन हजार वर्षांमागे हे ओळखले होते की टोळी आधी जागा देऊ करते व मग लूट दाखविते. आणखी एक गोष्ट वाचक बहुधा विसरतात. त्या भागात टोळीच्या आधी बाप बोलला आहे. मुलास ‘माझ्या मुला’ म्हणून हाक मारून, बाहेर तुला कोण काय म्हणेल, हे त्याने घरातच सांगून ठेविले आहे. आमच्या घरांत बाप मुलाशी केव्हा बोलतो? बहुधा निकालाच्या दिवशी, आणि तेव्हाही शेजारच्या मुलाचे गुण ऐकवितो.

टोळीचा मार्ग ह्याहून फार शहाणपणाचा आहे. प्रारंभी ती काहीच मागत नाही. दहावीत नापास झालेल्या मुलास कोणी तरी मोटरसायकलवर मागे बसवितो. चहाचे पैसे दुसराच देतो. मग त्याच्या वाढदिवसास भर चौकात तलवारीने केक कापला जातो, फलकावर त्याचा फोटो लागतो, मोबाईलवर चित्रफीत फिरते, आणि ज्यास घरी ‘निकामी’ म्हणत त्यास चार पोरे ‘भाई’ म्हणतात. ही उचल होय. रुपयांत ती मोजता येत नाही, म्हणून मुलास आपण कर्ज घेत आहो हे कळत नाही. काही महिन्यांनी मुकादम हिशेब मांडतो. पहिले काम अगदी लहान असते : अमक्या ठिकाणी उभा राहा, हे पुडके दोन दिवस घरी ठेव, हा कोयता तुझ्या अंथरुणाखाली असू दे. अठराच्या आतील मुलास मुद्दाम निवडतात, कारण त्यास सांगतात की तुला कायदा काही करीत नाही.

हे खोटे आहे, आणि आमच्या मंडळ्यांतील प्रत्येक आईबापास ते ठाऊक असावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक चौकशीनंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालू शकतो. महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका ह्याहून कडक आहे. संघटित टोळीचा सभासद ठरलेल्यास किमान पाच वर्षांची कैद, ती जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते. दंड किमान पाच लक्ष रुपये. पोलिसांस दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि जामीन अत्यंत दुर्मिळ. तडीपारीचा हुकूम झाला तर दोन वर्षांपर्यंत स्वतःच्या गावात पाऊल टाकता येत नाही. आमच्या भागातील किती तरी मुले पहाटे रस्त्याने धावताना दिसतात. सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हावयाची त्यांची उमेद असते. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर मारामारीचा एक गुन्हा आला, की ते सारे धावणे पाण्यात जाते.

येथे एखादा तरुण आम्हांस म्हणेल, अहो, अरुण गवळी तर आमदार झाला! झाला खरा, २००४ साली चिंचपोकळीतून. पण तेवढ्यावर थांबू नये. २००७ साली कमलाकर जामसांडेकर ह्या नगरसेवकाचा खून झाला, आणि त्याबद्दल २०१२ साली ह्याच आमदारास जन्मठेप सुनावण्यात आली. त्याचा प्रतिस्पर्धी अमर नाईक १९९६ साली पोलिसांच्या गोळीने पडला. ही तर नावाजलेली माणसे. ज्यांनी त्यांच्यासाठी सुरे चालविले व स्वतः गल्लीत पडले, त्यांची नावे त्यांच्या आईवाचून कोणाच्या लक्षात आहेत? कळंब्याच्या कारागृहाबाहेर भेटीसाठी डबा घेऊन ताटकळणारी बाई ही आई असते, किंवा बायको असते. वाढदिवसाचा केक ज्यांनी खाल्ला ते तेथे फिरकत नाहीत. आणि ज्याच्या मुलावर कोयता चालला तो बाप दुसऱ्या एखाद्या घरात बसलेला असतो, त्यास तर आम्ही केवळ बातमी म्हणून वाचतो.

मंडळीने काय करावे? अदुल्लामच्या गुहेकडे पाहा. शौलाच्या भयाने दावीद तेथे लपला असता त्याच्याभोवती जमलेले सुमारे चारशे लोक कोण होते? संकटात सापडलेले, कर्जाने बुडालेले, मनातून कडवट झालेले. टोळीस ह्याहून योग्य माल मिळणार नाही! इफ्ताहाची गोष्ट अशीच आहे. सावत्र भावांनी घराबाहेर घालविला, तेव्हा टोब देशात रिकामटेकडे लोक त्याच्यापाशी गोळा झाले. घराने टाकलेल्यास कोणी तरी उचलणारच. प्रश्न इतकाच की आधी कोण पोहोचते. आमच्या शब्बाथशाळेत बारा वर्षांपर्यंतची मुले भरपूर दिसतात. पंधराव्या वर्षी बाके रिकामी होतात, आणि ती मुले कोठे गेली ह्याची नोंद कोणत्याही पंचांच्या वहीत नसते. नापास झालेल्या मुलाच्या घरी निकालाच्या संध्याकाळी मंडळीतील एक तरी माणूस जावा. उपदेश करू नये. चहा घ्यावा, आणि जयसिंगपुरात किंवा इचलकरंजीत कोणते काम शिकता येईल ह्याची चौकशी करून जावे.

जो तुरुंगातून परत येतो, त्याचे काय? आमची मुले बिघडतील, असे लोक म्हणतात, आणि ही भीती सर्वस्वी पोकळ नाही. येरुशलेमेतील शिष्यांसही शौलाची, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या छळकाची, अशीच भीती वाटली होती; तेव्हा बर्णबाने त्यास हाती धरून प्रेषितांपाशी नेले. परत आलेल्यास उद्याच खजिनदार करा, असे आम्ही म्हणत नाही. त्याने कायद्यापासून लपू नये, आणि ज्याचे नुकसान केले त्याच्या दारी जावे, ह्यात आपण त्यास सवलत देऊ नये. पण त्या दारापर्यंत त्यास एकटे पाठवू नये, आणि रविवारी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू नये.

आता एक कडू गोष्ट. मंडळ्यांच्या जमिनीचे व इमारतींचे वाद जेव्हा पेटतात, तेव्हा सभेच्या दिवशी दारात उभी करावयास धट्टीकट्टी पोरे कोण आणते? ती आमचीच असतात, आणि त्यांस आणणारे वडीलधारे असतात. त्यांनी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय वाचावा. दावीदाच्या वीरांची नावे तेथे एकेक करून लिहिली आहेत. ज्यांस पूर्वी कोणी हाक मारीत नव्हते, अशा माणसांतून उभी राहिलेली ती सेना. त्या यादीतील शेवटचे नाव उरीया हित्तीचे आहे. त्याच्या मरणाचा हुकूम असलेले पत्र दावीदाने त्याच्याच हाती देऊन यवाबाकडे पाठविले, आणि त्याने ते न उघडता विश्वासाने नेले.