आजचं चिंतन (गीता ६.३२): झोंबींची लाट आणि बाबांचा फोन



काल रात्री दीड वाजता मी झोंबी मारत बसलो होतो. सकाळी सात वाजता आंघोळ करून गीता उघडली, तर समोर सहाव्या अध्यायातला ३२वा श्लोक. आपण रोज एक श्लोक क्रमानेच घेतोय, त्यामुळे हा योगायोग वगैरे काही नाही. पण मला तो बरोबर वर्मी लागला, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी श्लोकाचा भाव. जो सगळीकडे स्वतःवरून दुसऱ्याला ओळखतो, मग ते सुख असो की दुःख, तो योगी भगवंतांना सर्वांत श्रेष्ठ वाटतो. यातला महत्त्वाचा शब्द आहे 'आत्मौपम्य', म्हणजे स्वतःची उपमा लावून पाहणं. मला लागलं की दुखतं, तर त्यालाही दुखत असणार. गंमत बघा, हा ध्यानाचा अध्याय आहे. आसन कसं घालावं, पाठ-मान सरळ कशी ठेवावी, नजर कुठे असावी, खाणं-झोपणं किती असावं, हे सगळं भगवंतांनी याच अध्यायात सांगितलंय. आणि सर्वश्रेष्ठ योगी कोण हे सांगताना मात्र दुसऱ्याच्या सुखदुःखाकडे बोट दाखवलं.

आता झोंबींकडे येतो.

माझ्या पिढीतल्या इंजिनिअरिंगवाल्यांना 'द लास्ट स्टँड' आठवत असेल. २००७ साली आलेला फ्लॅश गेम, ब्राउझरमध्ये चालायचा. हॉस्टेलवर एका पीसीभोवती आम्ही चौघं बसायचो आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा "एकच नाइट" म्हणत पहाट व्हायची. अॅडोबने २०२०च्या शेवटी फ्लॅश बंद केलं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण रफल नावाचं एक ओपन सोर्स इम्युलेटर आहे, त्याच्यावर हे जुने गेम परत चालतात. मध्यंतरी मला ते सापडलं आणि जुनं व्यसन नव्याने लागलं.

गेम साधा आहे. तुमच्यासमोर एक आडोसा, म्हणजे बॅरिकेड. रात्र झाली की झोंबी येतात. आडोसा तुटला की खेळ खल्लास. सकाळी तुमच्या हातात मोजके तास असतात आणि ते तीन कामांत वाटायचे असतात: आडोसा दुरुस्त करणं, हत्यारं शोधणं, आणि जिवंत राहिलेली माणसं शोधणं. मग पुन्हा रात्र, पुन्हा लाट, आणि ती आधीपेक्षा मोठी. अशा वीस रात्री काढायच्या.

नवा खेळाडू हमखास मरतो, कारण तो घाबरून गोळ्या उडवत सुटतो आणि नेमका गर्दीच्या वेळी रीलोड करत बसतो. मुरलेला खेळाडू मॅगझिन पूर्ण रिकामं व्हायच्या आत, जरा मोकळीक मिळाली की रीलोड करून घेतो. सरपटत येणाऱ्याला थोडं थांबवतो आणि पळत येणाऱ्याला आधी टिपतो. डोक्याचा नेम धरतो म्हणजे कमी गोळ्यांत काम होतं. पण मुरलेल्याची सगळ्यात मोठी खूण वेगळीच आहे. तो बघायचं थांबवतो. पहिल्या रात्री आपण प्रत्येक आकृतीकडे बघतो, हा कसा चालतोय, हा कसला भयानक दिसतोय. दहाव्या रात्रीपर्यंत आपल्याला दोनच गोष्टी दिसतात, अंतर आणि वेग. बाकी सगळं डोळा गाळून टाकतो. क्लिक, क्लिक, क्लिक. क्लिअर.

आणि खरं सांगू? त्यात फार विश्रांती मिळते. दिवसभर माणसांशी बोलून दमलेल्या डोक्याला असा शत्रू हवाच असतो, ज्याला नाव नाही, घर नाही, ज्याच्याबद्दल रात्री झोपताना वाईट वाटणार नाही.

इथपर्यंत काही बिघडलेलं नाही. बिघडलं ते दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी.

त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रॉडक्शनमध्ये काही पेटलं की पहिला फोन ज्याला जातो तो मी. दुपारी तीनला एक सर्व्हिस पडली आणि तिच्यामागे एकेक करून बाकीच्या. अलर्टवर अलर्ट. चॅटवर माणसं, मेलवर माणसं, "काही अपडेट?" विचारणारी माणसं. मी पुरता गेमच्या मोडमध्ये गेलो होतो. पळत येणारं आधी, सरपटत येणारं नंतर. त्यात मोबाइलवर बाबांचा फोन आला. मी कट केला. पाच मिनिटांनी परत आला. कट केला आणि तो तयार मेसेज असतो ना, "नंतर फोन करतो", तो गेला. मग एका अनोळखी नंबरवरून आला. स्पॅम असेल म्हणून तोही कट.

रात्री साडेआठला सगळं शांत झालं. मी जेवलो. मग आठवलं.

बाबा सांगलीला असतात, आई गेल्यापासून एकटेच. फोन केला तर म्हणाले, "अरे काही नाही रे. बँकेतून येताना जरा गरगरलं, पायरीवर बसून राहिलो. शेजारच्या काकांनी दवाखान्यात नेलं. बीपीची गोळी बदलून दिलीय." अनोळखी नंबर त्या काकांचा होता. मी गप्प. तेच पुढे म्हणाले, "तू कामात असशील, मला कळायला हवं होतं. उगाच दोनदा लावला."

दोनदा फोन लावल्याबद्दल त्यांनीच माझी माफी मागितली, मंडळी.

मी शनिवारी घरी जाऊन आलो. बाबा आता ठीक आहेत. पण त्या वाक्याने माझी झोप उडाली, आणि काय चुकलं याचा मी बराच विचार केला. फोन उचलला नाही ही चूक होती का? मला नाही वाटत. आग लागलेली असताना अग्निशमनवाला घरचा फोन उचलत नाही, आणि त्याने उचलूही नये. तीन वाजता मी उचलू शकत नव्हतो, हे खरंच. चूक वेगळी होती. स्क्रीनवर 'बाबा' असं लिहिलेलं मी वाचलं होतं आणि तरी मला बाबा दिसले नाहीत. लाटेतली आणखी एक आकृती दिसली. दुपारी शक्यतो कधीच फोन न करणारा माणूस कामाच्या वेळेत लागोपाठ दोनदा का करतोय, हा प्रश्न मनात यायला एक सेकंद लागला असता. तो सेकंद मी दिला नाही. आणि बोटाची हालचाल हुबेहूब तीच होती. क्लिअर.

"गेममुळे असं झालं" असं मी म्हणत नाहीये. गेम बिचारा प्रामाणिक आहे, तो उघड सांगतो की यांना चेहरा नाही, मारा खुशाल. अप्रामाणिक मी होतो. जिथे चेहरे होते तिथेही मी तीच सोय करून घेतली.

मग मला वाटलं, हा झोंबी मुळात आला कुठून ते तरी बघू. शोधल्यावर कळलं की कल्पना हैतीची. फ्रेंचांच्या काळात तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवलं जायचं. त्या लोकांच्या लोककथेतला झोंबी कुणाला खात नाही. तो मेल्यावरही सुटका न झालेला माणूस आहे, ज्याची इच्छाशक्ती दुसऱ्याने काढून घेतलीय आणि जो मालक सांगेल तसा राबतोय. भीती झोंबीची नव्हती, भीती आपण झोंबी होण्याची होती. हे वाचलं आणि रात्री दीड वाजता स्क्रीनच्या उजेडात, झोप आलेली असताना, नको वाटत असतानाही क्लिक करणारा माझा हात आठवला. आता सांगा, आडोशाच्या नक्की कुठल्या बाजूला झोंबी होता?

आज आपण ओळखतो तो माणसं खाणाऱ्यांचा जथा पक्का झाला जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमाने. एक घर, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या, बाहेर वाढत जाणारी गर्दी. आपल्या गेमचा सगळा सांगाडा तिथलाच. त्याचा शेवट मात्र गेममध्ये आलेला नाही. नायक बेन अख्खी रात्र झुंजून एकटा जिवंत उरतो. सकाळी झोंबींचा सफाया करत बंदूकधाऱ्यांची टोळी येते. त्यांना खिडकीत एक हलणारी आकृती दिसते. ते लांबूनच नेम धरतात आणि बेनला गोळी घालतात. त्यांच्या मनात दुष्टावा नाही. ते फक्त क्लिअर करत होते. न बघता.

आता आपल्या युद्धाकडे या. गीतासुद्धा रणांगणावरच सुरू होते आणि समोर लाटांसारखं सैन्य उभं आहे. तिथे अर्जुन पहिली गोष्ट काय मागतो? रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये घे, मला बघू दे. आणि तो बघतो. आजोबा दिसतात, गुरू दिसतात, मामा, भाऊ, मुलं, मित्र दिसतात. बघितल्यामुळेच तो कोसळतो. मुरलेल्या खेळाडूच्या हिशेबात अर्जुनाने केलेली ही घोडचूक होती.

भगवंतांना एक सोपा उपाय करता आला असता. "अरे, ते तुझे कुणी नाहीत, नुसत्या आकृत्या आहेत, मार" असं सांगून चेहरे पुसून टाकायचे. पुढचे सतरा अध्याय वाचले असते. ते तसं करत नाहीत. आत्मा मरत नाही हे सांगतात, कर्तव्य सांगतात, पण भीष्म आजोबा नाहीत असं एकदाही म्हणत नाहीत. उलट सहाव्या अध्यायात, त्याच रणांगणावर, बाण सुटायच्या आधी, हा आजचा श्लोक सांगतात: दुसऱ्याचं दुःख स्वतःवरून ओळख. आणि गीता संपल्यावर युधिष्ठिर काय करतो? चिलखत उतरवून, शस्त्र खाली ठेवून, पायी चालत समोरच्या सैन्यात जातो आणि भीष्मांचा, द्रोणांचा आशीर्वाद मागतो. मगच युद्ध सुरू होतं. पुढे तेच भीष्म शरशय्येवर असताना त्यांच्याच पायाशी बसून राजधर्म शिकतो.

मला यातून एवढंच कळलं. कठोर काम करावं लागतं. सगळे फोन उचलता येत नाहीत, सगळ्यांना हो म्हणता येत नाही, कधी कधी समोरच्याला दुखावणारा निर्णयही घ्यावा लागतो. पण ते सोपं जावं म्हणून समोरच्याचा चेहरा पुसायचा नाही. चेहरा दिसत असताना 'नाही' म्हणणं जड जातं, आणि ते जड जायलाच हवं. त्या जडपणातूनच रात्री साडेआठच्या ऐवजी साडेतीनला आठवतं की अरे, बाबांना फोन करायचाय.

गेम मी सोडलेला नाही, खोटं कशाला बोलू. फक्त बारानंतर खेळायचा नाही असं ठरवलंय (काल मोडलं). पण एक गोष्ट आता लक्षात आली. सकाळचे तास वाटताना मी नेहमी आडोसा आणि हत्यारं यांनाच देत आलो. माणसं शोधायला उरले तर द्यायचे. हॉस्टेलपासूनची सवय. आणि नंतरच्या रात्रींना एकटाच उभा राहून मरत आलो. खरं तर शोधून आणलेली माणसं आडोशामागे तुमच्या शेजारी उभी राहून लढतात. सांगलीत त्या दिवशी बाबांच्या शेजारी काका उभे राहिले. त्यांना हुडकायला मी एकही तास दिला नव्हता, त्यांचा नंबरसुद्धा माझ्याकडे सेव्ह नव्हता. आता आहे.

आजचा छोटा प्रयोग, जमलं तर करून बघा. आज कुठलाही फोन किंवा मेसेज बाजूला सारण्याआधी नाव वाचा आणि एक श्वास घ्या. त्या एका श्वासात फक्त एवढंच विचारा, आत्ता हा माणूस कुठे बसला असेल? मग खुशाल कट करा. कट करताना बोट जरा अडखळलं, तर समजा आजचा श्लोक वाचून झाला.

"हे एक दिवस जमेल हो, पण टिकणार कसं?" असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. उद्याच्या ३३व्या श्लोकात अर्जुन बरोबर हेच विचारतो.

उद्या भेटू. राम कृष्ण हरी.