अंगावर केस नको

पुण्यात नवी पेठेतल्या किंवा सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत आठवडाभर बसा, एक सल्ला हमखास कानावर पडतो: 'काहीही कर, पण अंगावर केस घेऊ नको.' सांगणारा मोठा भाऊ असतो, गावाकडून फोन करणारे वडील असतात, नाहीतर दोनदा मुख्य परीक्षा देऊन आलेला रूममेट. या सल्ल्याची टिंगल मला करायची नाही. पण त्यात एक सौदा दडलेला आहे, आणि सही करण्याआधी तो वाचून पाहावा असं मला वाटतं.

सौदा साधा आहे. मोर्चात जायचं नाही, सरकारविरुद्ध स्टेटस ठेवायचा नाही, कुठल्या निवेदनाखाली नाव येऊ द्यायचं नाही. त्या बदल्यात एक दिवस कायमची नोकरी मिळेल. थोडं स्वातंत्र्य द्यायचं आणि आयुष्यभराची सुरक्षितता घ्यायची.

हे फक्त घरच्यांच्या मनातलं भय नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये बिहार पोलिसांनी परिपत्रक काढलं. आंदोलनात किंवा रास्ता रोकोत गुन्हेगारी कृत्य केल्याचं आरोपपत्र दाखल झालं, तर चारित्र्य पडताळणीत त्याची नोंद होईल आणि सरकारी नोकरी, पासपोर्ट यांवर त्याचा परिणाम होईल, असं त्यात होतं. जानेवारी 2022 मध्ये रेल्वे भरतीच्या निकालावरून बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं रुळांवर उतरली. सुमारे 35 हजार जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आलेली ती भरती. तोडफोड करणाऱ्यांना रेल्वेच्या नोकरीतून आयुष्यभरासाठी बाद करू, असं रेल्वेने जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये अग्निपथ योजनेविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांनी सांगितलं की आपण त्यात नव्हतो असं प्रत्येक उमेदवाराला लिहून द्यावं लागेल.

गाड्या जाळणं गुन्हा आहे, त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण ती न्यायालयाने, पुरावा पाहून द्यायची असते. आरोपपत्र म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. खटला वर्षानुवर्षं चालतो, भरतीची वयोमर्यादा मात्र कुणासाठी थांबत नाही. निर्दोष सुटेपर्यंत वय उलटून गेलं, तर शिक्षा भोगून झालेलीच असते. हे सगळ्यांना कळतं, म्हणून दगड न मारणारा मुलगासुद्धा घरी बसतो. दगडाची भीती घालून घोषणाही बंद होते.

आता सौद्याची दुसरी बाजू पाहू. गप्प बसल्यावर मिळणार काय? अग्निपथमध्ये मिळणार होती चार वर्षांची नोकरी. त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार, बाकीच्यांना एकरकमी पैसे, पेन्शन नाही. केंद्रात 1 जानेवारी 2004 नंतर आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंदच केली गेली. म्हणजे आपण देत असलेली किंमत तीच आहे, किंबहुना वाढते आहे, आणि पुडीतला माल मात्र दरवर्षी कमी भरतो आहे.

असं का होतं? सुरक्षितता देणाऱ्याने शब्द पाळला नाही, तर त्याला जाब विचारायला जे लागतं, तेच आपण किंमत म्हणून देऊन टाकतो. दुकानदाराला पैसे देताना तक्रार करण्याचा हक्कही देऊन यावा, तसं हे आहे.

ज्या पिढीकडून हा सल्ला येतो, तिची सुरक्षितता गप्प बसून आलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 1977-78 चा 54 दिवसांचा संप जुन्या लोकांना आठवत असेल. महागाई भत्ता, पगार, पेन्शन यांमागे संघटना होत्या, मोर्चे होते. मार्च 2023 मध्येही जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झालाच. आणि मार्च 2021 मध्ये एमपीएससीची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यातली मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली; दुसऱ्याच दिवशी नवी तारीख जाहीर झाली.

या चर्चेत बेंजामिन फ्रँकलिनचं एक वाक्य नेहमी तोंडावर फेकलं जातं. तात्पुरत्या सुरक्षिततेसाठी स्वातंत्र्य सोडणारे कशालाच लायक नाहीत, असा त्याचा रोख. पण 1755 मध्ये ते लिहिलं गेलं ते पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या वतीने, तिथल्या गव्हर्नरला. वाद होता सरहद्दीच्या संरक्षणाच्या खर्चाचा आणि वसाहतीचे मालक असलेल्या पेन कुटुंबाच्या जमिनीवर कर बसवण्याच्या हक्काचा. ज्यांच्या हातात काही सत्ता होती, अशा प्रतिनिधींचं ते बोलणं होतं. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातल्या मुलाला तेच ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. धाडसाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्या वडिलांचा वकील ओळखीचा आहे, त्याला केस म्हणजे अनुभव; दुसऱ्याला ती म्हणजे घराचं भवितव्य.

मग बोलायचं कुणी? माझं उत्तर असं: ज्यांची पडताळणी केव्हाच संपली आहे, त्यांनी आधी. निवृत्त शिक्षक, पेन्शन घेणारे अधिकारी, कायम झालेले प्राध्यापक. त्यांच्याजवळ सुरक्षितता आहे आणि आता गमावण्यासारखं कमी आहे. मुलांना 'जपून राहा' सांगणाऱ्याने मुलांच्या वतीने निवेदनावर सही तरी करावी. सल्ल्याबरोबर एवढी जबाबदारी येतेच.

आणि अभ्यासिकेत बसलेल्यांनी? मोर्चात जा, असं मी सांगणार नाही. ती जोखीम मी उचलणार नाही, तर सांगण्याचा हक्क मला नाही. पण गप्प बसणं ही नाइलाजाची गोष्ट आहे, शहाणपणाची नाही, एवढं स्वतःशी तरी कबूल करावं. शेजारच्या टेबलावरचा कुणी उभा राहिला तर 'याचं करिअर गेलं' म्हणून हसू नये. त्याच्या जामिनासाठी शंभर रुपये काढता आले तर काढावेत. परीक्षेची तारीख त्याच्यामुळे लागली, तर ती आपल्यालाही लागणार आहे.