पुरूच्या घरची सून

मनुस्मृतीनं वानप्रस्थाची वेळ ओळखायची सोपी खूण दिली आहे. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचं तोंड दिसलं, की गृहस्थानं अरण्याची वाट धरावी. बायकोला बरोबर न्यावं किंवा मुलांच्या स्वाधीन करावं, हेही तिथंच सांगितलंय. तिला विचारावं असं काही सांगितलेलं नाही. आम्हा शहादेकरांना अरण्य शोधायला लांब जायला नको, गच्चीवर पापड वाळत घालताना समोर सातपुडा दिसतो. खुणाही तिन्ही पटतात. त्यातली एक मी मेंदीखाली झाकते, एवढंच. तरी मागच्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळानं ट्रॅव्हलर ठरवली ती दांडीच्या समुद्रावर जायला.

नणंदबाईंना कळलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "आते तू काय पोर शे का? या वयमा हाई शोभस का?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. रोज पोथी वाचणारी, एकादशी न चुकवणारी बाई आहे. तिला खरंच प्रश्न पडला होता. पन्नाशी उलटल्यावर मन आवरतं घ्यायचं, की ते तरुण राहू पाहतंय तर राहू द्यायचं? शोभण्या-न शोभण्याचं सोडून देता येतं, पण खाली धर्माचाच प्रश्न आहे. आश्रमधर्म म्हणतो, एकेक गोष्ट सोडत जा. मग लाट अंगावर घ्यायची हौस सोडायच्या यादीत येते की नाही?

मी शाळेत मराठी शिकवते. कुणी 'या वयात' म्हटलं की मला ययाती आठवतो. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली, १९७४ साली तिला ज्ञानपीठ मिळालं, आणि आमच्या पिढीच्या घराघरांत ती कपाटात असायची. पण मूळ गोष्ट महाभारतातल्या आदिपर्वातली. शुक्राचार्यांच्या शापानं ययातीला भर तारुण्यात म्हातारपण आलं. उःशाप एवढाच, की कुणी आपलं तारुण्य दिलं तर अदलाबदल करता येईल. त्यानं पोरांपुढे हात पसरले. यदूनं म्हातारपणाचे दोषच मोजून दाखवले: पांढरी दाढी, सुरकुत्या, गेलेलं बळ, खाण्यापिण्याची पंचाईत, वर तरुणांकडून हेटाळणी. तुर्वसू, द्रुह्यू, अनू यांनीही पाठ फिरवली. धाकटा पुरू तेवढा तयार झाला. मग ययातीनं हजार वर्षं भोगली, आणि शेवटी त्याच्या लक्षात आलं, की भोगून वासना भागत नाही, वाढतच जाते. त्यानं पुरूचं तारुण्य परत केलं, राज्यही त्यालाच दिलं आणि तो अरण्यात गेला.

कीर्तनकार इथं थांबतात. वासना वाईट, तिचा त्याग करा, बोला पुंडलिक वरदे. मला मात्र कायम पुरूचीच विचारपूस करावीशी वाटते. हजार वर्षं तो काय करत होता? बाप चैत्ररथवनात विहार करत असताना ह्याचे गुडघे दुखत होते का? ह्याच्या बायकोचं काय झालं? व्यासांनी एवढी मोठी गोष्ट सांगितली, पण त्या हजार वर्षांतलं पुरूचं घर काही दाखवलं नाही. ययातीचा अपराध 'मला अजून जगावंसं वाटतं' हा असेल तर आपण सगळेच अपराधी. त्याचा खरा अपराध, माझ्या मते, एवढाच की त्याचं म्हातारपण घरातल्याच दुसऱ्या कुणीतरी वाहिलं.

ह्या घराण्याशी आमचं नातं आहे, तेही सांगते. आमच्या तालुक्यात प्रकाशाला गोमाई जिला मिळते ती तापी सूर्याची लेक. आई छाया. शनी तिचा सख्खा भाऊ, यम सावत्र. महाभारतात ह्या तपतीचं लग्न संवरण राजाशी झालं, आणि हा संवरण पुरूच्याच वंशातला. त्यांचा मुलगा कुरू. म्हणून तर चित्ररथ गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो आणि अर्जुन विचारतो, हे कुठलं नाव? म्हणजे बापाला तारुण्य उसनं दिलेल्या पुरूच्या घरची ही सून. एका भावाची साडेसाती, दुसऱ्याचं बोलावणं, असं माहेर. आणि तिच्याच पाण्यात आमच्याकडच्या बायका वर्षानुवर्षं डुंबत आल्या आहेत.

प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर ही तिथली मोठी देवळं. अधिक महिन्यात पहाटे घाटावर जाऊन बघा. साठीच्या, सत्तरीच्या बायका एकमेकींचा हात धरून पायऱ्या उतरतात, "हर हर तापी" म्हणून पहिली बुडी मारतात, ती पुण्याची. दुसरी-तिसरीही पुण्याचीच म्हणू. पण त्यानंतर बराच वेळ जे चालतं त्याला पुण्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणी विहिणीच्या तोंडावर पाणी उडवतं, कुणी नाक दाबून मनातल्या मनात आकडे मोजतं, कुणाचा पदर वाहत जातो आणि चार जणी त्याच्यामागे. घरात जिचा आवाज ऐकू येत नाही ती बाई तिथं खिदळताना मी पाहिली आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस असतो, तेव्हाही तेच. धर्मानं बायकांना पाण्यात खेळायची परवानगी दिली ती व्रताच्या नावाखाली, आणि बायकांनी ती पुरेपूर वापरली.

समुद्राचं तसं नाही. शास्त्रात संकेत आहे, की पिंपळाला शनिवारी स्पर्श करावा आणि समुद्राला पर्वकाळी; एरवी दोघांना लांबूनच नमस्कार. आम्ही निघालो तो साधा रविवार. नवापूरच्या पुढं आमच्यातल्या एकीनं पंचांग उघडलं, कुठलं पर्व निघतंय का ते पाहिलं आणि काहीच निघेना तेव्हा ती हिरमुसली. मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या काकू डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी वाटत होत्या. त्या म्हणाल्या, "नारळ वाहू, हळदकुंकू वाहू, मग बघू." तेवढ्यानं शास्त्र मिटलं.

दांडी आम्ही निवडली, कारण मीच तसा हट्ट धरला होता. मध्यमवयात समुद्रावर जाणाऱ्याला त्याहून चांगला किनारा नाही. गांधीजी १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाले तेव्हा साठ वर्षांचे होते. सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोचले. बरोबरचे बहुतेक जण त्यांच्या मुलांच्या वयाचे. ६ एप्रिलला सकाळी आधी समुद्रात स्नान केलं आणि मग मिठाची चिमूट उचलली. किनाऱ्यावर सरोजिनी नायडू होत्या, एक्कावन्न वर्षांच्या. त्या नंतर येऊन मिळालेल्या; यात्रेच्या तुकडीत एकही बाई घेतलेली नव्हती. आश्रमातल्या बायका मागं राहिल्या, आश्रम चालवत. वाद झाला होता त्यावर, आणि व्हायलाच हवा होता. गांधीजींसारख्या माणसाच्या बाबतीतसुद्धा मागं कोण राहिलं हे विचारावं लागतं, मग आपली काय कथा.

तिथला समुद्र कोकणातल्यासारखा निळा नाही. पाणी गढूळ, वाळू काळसर, आणि ओहोटीला समुद्र इतका मागं सरकतो की तो रागावून गेला की काय असं वाटावं. खंबायतच्या आखाताजवळच्या ह्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, म्हणून तिथल्या माणसाला वेळ विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. शहाळ्याच्या गाडीवाल्यानं आम्हाला एका बांबूकडं बोट दाखवून सांगितलं, त्याच्या पलीकडं जायचं नाही. आम्ही गेलो नाही.

काकूंना गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय देवळाची पायरी चढवत नाही. पट्टा काढून पिशवीत टाकला, नऊवारी आणखी वर खोचली आणि दोघींच्या खांद्यावर हात टाकून त्या कमरेइतक्या पाण्यात गेल्या. तिथं त्यांनी खांदे सोडले. मग डावा पाय उचलला, टेकवला. उजवा उचलला. मग फुगडीचा एक पाय, दुसरा पाय, आणि एका लाटेनं खाली बसवलं तर तोंडात गेलेलं खारं पाणी थुंकत पुन्हा उभ्या. "दुखत नाही गं," असं त्या इतक्या नवलानं म्हणाल्या, की मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून शिकलेलं तिथल्या तिथं सांगून टाकलं: कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार येतो. काकू म्हणाल्या, "मग निम्मं वय झालं म्हण की." बाकीचं निम्मं पाण्यानं घेतलं. पाण्याला त्याचं ओझं होत नाही. पुरूला झालं होतं.

आता नणंदबाईंचा प्रश्न. ब्रह्मसूत्रांत एक शंका येते: ईश्वराला कशाचीच कमतरता नाही, तर त्यानं जग कशासाठी निर्माण केलं? उत्तर असं, की कशासाठीही नाही. ती लीला आहे. ज्याला काही मिळवायचं उरलेलं नाही तोच खेळू शकतो. भोग आणि खेळ ह्यांत मला हाच फरक दिसतो. ययातीला हवं होतं, आणखी हवं होतं. काकूंना त्या पाण्यातून काहीच न्यायचं नव्हतं. वारीत पन्नाशीचे बापे टाळ कमरेला खोचून फुगड्या घालतात, त्यांना कुणी वय विचारत नाही. आणि आमच्या सातपुड्यात तर हा प्रश्नच पडत नाही. अक्कलकुव्याजवळ काठीच्या होळीला डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला भोपळे-घुंगरं बांधून रात्रभर नाचणाऱ्यांत पोरंही असतात आणि पोरांचे आजेही. नवसाची कडक पाळणूक पाळून, जमिनीवर झोपून, मग नाचतात. तिथं व्रत आणि खेळ वेगळे काढताच येत नाहीत. वय वाढलं की अंगणाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचं, हे आपण कुठून शिकलो कोण जाणे. मनूनंही खुर्चीत बसायला सांगितलं नव्हतं, चालायला लावलं होतं.

'मन कायम तरुण ठेवा' असा एक संदेश दर दोन दिवसांनी मोबाइलवर येतो. तो मला आवडत नाही. कायम तरुण राहणं म्हणजे काय, हे नंदुरबारच्या माणसाला माहीत आहे. शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला गोळ्या झेलून पडला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो अजूनही पंधरा वर्षांचाच आहे, त्याचे चार साथीदारही तसेच. त्यांच्या स्मारकापुढून जाताना मला माझ्या पांढऱ्या केसांची लाज वाटत नाही. ते केस म्हणजे त्या पोरांना न मिळालेली मिळकत आहे. तेव्हा तारुण्य टिकवायची मला हौस नाही. मला आहे ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, समुद्रात जायचं आहे.

आम्ही पाण्यात होतो तेव्हा किनाऱ्यावर पिशव्यांजवळ काकूंची धाकटी सून बसली होती. तिशीची. अकरा पर्सेस, चपलांचा ढीग, मोबाइल, काकूंचा पट्टा, कोरडे कपडे. तिला बरोबर आणली होती ती सासूला धरायला. आम्ही पन्नाशी-साठीच्या बायका लाटांत किंचाळत होतो आणि ती पोक्तपणे ओढणी सावरत ऊन टाळत बसली होती. घटकाभर पाहिलं तर तीच म्हातारी वाटावी. आदिपर्वात व्यासांनी न दाखवलेलं पुरूचं घर ते हेच. काकूंच्याच ते ध्यानात आलं. त्या निथळत बाहेर आल्या, वाळूत बसल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "ऊठ. दे ते इकडं." ती नको नको म्हणत होती. शेवटी गेली, आणि मग तिला बाहेर काढायला आम्हाला हाका माराव्या लागल्या.

परतताना बारडोलीच्या आसपास उसाच्या फडाकडेनं पालं दिसली. दिवाळी झाली की माझ्या शाळेतली पोरं आईबापाबरोबर ह्याच बाजूला येतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत. बऱ्याच जणी होळीला परततात. त्यातल्या एका विद्यार्थिनीच्या आईला मी नंतर विचारलं, समुद्र पाहिलास का कधी? बारडोलीहून दांडी पन्नासेक किलोमीटर. ती बरीच वर्षं तिकडं जाते. म्हणाली, "नाही बाई, तिकडं कोण नेणार?" ती चाळिशीची असेल, दिसते साठीची. आपल्या चहात जी साखर पडते तिच्यासाठी कुणाचं तरी वय लवकर खर्च होतंय. तरुण मनाच्या गप्पा मारताना हे विसरून चालणार नाही, आणि समुद्रावर न जाण्यानं ते फिटणारही नाही.

नणंदबाईंना मी एवढंच कळवलं, की शोभलं. पुढच्या खेपेला त्यांनाही न्यायचं ठरवतोय. सून येणार आहे त्यांची, पण पाण्यात. तुमची मंडळं, भिशीचे गट, निवृत्तांचे संघ हिवाळ्यात समुद्रावर निघत असतीलच. जरूर जा, भरतीची वेळ विचारून घ्या, आणि पिशव्यांजवळ बसायच्या पाळ्या गाडी सुटायच्या आधीच लावून ठेवा. पहिली पाळी सगळ्यांत थोरल्या माणसाची.