आठवा ठिपका

रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी उचललं जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. टॉवरांच्या मागे, पवनेकडे उतरणाऱ्या पडीक प्लॉटवर काय चाललंय याची मात्र फारशी कुणाला खबर नसते. तिथं रुई माजली आहे. रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा बसतो, माव्यातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या येतात आणि खुद्द मावा फस्त करायला लेडीबर्ड. दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, एक तरुण साहेबही यायचा.

चाकणच्या एका कारखान्यात तो क्वालिटीत होता. बोनसच्या पैशातून मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश घेतला होता. लेडीबर्ड म्हणजे जेमतेम 7 मिलिमीटरचा जीव, तांबड्या पाठीवर 7 काळे ठिपके. याच्या फोटोत मात्र आठवाही असे, पांढराफटक. त्यानं फ्लॅशची ताकद कमी करून पाहिली, वाढवून पाहिली. मग दुसरा फ्लॅश विकत आणला. पांढरे ठिपके दोन झाले. (काही जण किडे फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात आणि मग फोटो काढतात. एवढं तरी तो करत नव्हता.)

त्याच्याच सोसायटीत एक काका राहत. सगळी नोकरी पिंपरीच्या एका टूलरूममध्ये, तपासणीच्या टेबलावर गेलेली. सकाळच्या फेरीत ते थांबले आणि चष्मा कपाळावर चढवून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकले.

"यात किडा कुठाय? हा तर तुझा दिवा दिसतोय."

"काका, तो हायलाइट आहे. चकचकीत पाठीवर येणारच."

"चकचकीत शाफ्टवरही येतो. आम्ही चरा शोधताना बल्ब उघडा धरायचो नाही. उघडा धरला की जॉबमध्ये बल्बच दिसतो. पुढं ट्रेसिंग पेपर लावायचा, मग चरा आपण होऊन दिसतो."

आजही चकचकीत भाग तपासणाऱ्या कॅमेऱ्यांभोवती पांढरा घुमट बसवतात, म्हणजे भागाला चहूकडून ढगाळ दिवसासारखा उजेड मिळतो. जुन्या टूलरूमला हे बल्ब आणि कागदावर कळलं होतं. काकांनी वर बोट केलं. "सूर्य 14 लाख किलोमीटर रुंद, पण 15 कोटी किलोमीटर लांब. म्हणून आपल्याला तो रुपयाएवढा, आणि सावली धारदार. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं. तुला तुझा दिवा मोठा करायचाय. जोरदार नव्हे, मोठा. आणि किड्याच्या जवळ."

सामान सोसायटीच्या कचऱ्यातच मिळालं. कुणाच्या तरी नव्या वॉशिंग मशीनभोवतीचा पातळ पांढरा फोम. A4 कागदाएवढा तुकडा कापला, मध्ये लेन्सच्या मापाचं भोक पाडलं आणि तो लेन्सच्या तोंडावरून पुढं झुकणाऱ्या छपरासारखा रबरबँडनं बसवला. पहिला फोटो निराशेचाच होता. पांढरा ठिपका पसरट झाला, पण मधोमध तापलेला गोळा तसाच. फ्लॅशचा उजेड फोमच्या मध्यावरच आदळत होता. काकांनी फ्लॅशच्या तोंडालाच बटर पेपरचा एक थर लावायला लावला आणि तो थर व फोम यांच्यात चार बोटं अंतर ठेवलं. आता उजेड आधी पसरे, मग फोमवर जाई. दोन थरांनी निम्म्याहून जास्त उजेड खाल्ला. तेवढी फ्लॅशची ताकद वाढवावी लागली, बॅटरी लवकर उतरू लागली. त्याला इलाज नाही.

पण पाठ दिसली. तांबड्या रंगात सुईनं टोचल्यासारखे बारीक खळगे होते, आजवरच्या एकाही फोटोत न आलेले. मावा खाताना हलणारा जबडासुद्धा दिसला. ठिपके सातच.

शुक्रवारी पहिल्या पाळीला पुन्हा रिजेक्शन निघालं. एरवी तो ऑपरेटरला केबिनमध्ये बोलवायचा, नापास जॉब टेबलावर आपटायचा आणि विचारायचा, "लक्ष कुठं होतं?" उत्तर ठरलेलं असे: "चुकलं साहेब, लक्ष नव्हतं." रिपोर्टात तेच जाई, ऑपरेटरचं दुर्लक्ष. महिन्याच्या फाइलमध्ये पानोपानी तेवढंच, आणि शब्द साहेबाचेच.

त्या दिवशी तो चहाच्या वेळी मशीनजवळ गेला. उलट्या क्रेटवर बसला. जॉब हातात घेऊन नुसता फिरवत राहिला. ऑपरेटर आधी उभाच होता. चहा अर्धा झाल्यावर तोही टेकला.

"क्लॅम्पचा पॅड झिजलाय साहेब. सकाळी मशीन गार असताना जॉब किंचित सरकतो. पहिले चार-पाच तसेच जातात."

"मग सांगायचं ना."

ऑपरेटर घुटमळला. शेजारच्या मशीनवरचा पोरगा हात पुसत म्हणाला, "सांगितलं होतं. दोनदा. तुम्हालाच."

साहेबानं खिशातलं पेन काढलं नाही. "अजून काय काय आहे?" एवढंच विचारलं. मग कूलंटचं निघालं, रात्रपाळीत बदलायच्या राहिलेल्या इन्सर्टचं निघालं, आणि भोंगा वाजून गेला तरी दोघं एकमेकांचं वाक्य तोडून सांगतच होते.