पन्नाशीतला शिकाऊ आणि ऊद

उतारवयात वाद्य हाती घेणाऱ्याला लोक हसतात, आणि हे हसणे फार जुने आहे. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात वय झालेला सॉक्रेटिस कोनस नावाच्या वादकाकडे तंतुवाद्य शिकायला जातो. बरोबरची पोरे त्याला हसतात आणि कोनसला म्हाताऱ्यांचा मास्तर म्हणून चिडवतात. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या पुस्तकात या हसण्याला तात्त्विक बैठकच दिली. वादन शिकावे ते लहान वयात, तेही चांगले-वाईट पारखता यावे एवढ्यापुरते. पुढे वाजवणे सोडावे, पारख ठेवावी. मग पारख आधीच तयार असलेल्या माणसाने पन्नाशीत ऊदसारखे अवघड अरबी वाद्य का शिकावे? मैफल रंगवण्याइतका हात बहुधा तयार व्हायचा नाही आणि पोट तर त्यावर मुळीच चालायचे नाही. माझे म्हणणे असे की कर्म आणि फळ यांचे नाते तपासायला हाच माणूस सर्वांत सोयीचा आहे. आणि तपासाअंती हाती लागते ते निष्कामतेच्या आपल्या सैल समजुतीला अडचणीत आणणारे आहे.

ऊदच्या आखूड दांडीवर पडदे नसतात. तारा बहुधा अकरा, पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. पाठ गोल असल्यामुळे वाद्य मांडीवरून घसरते, नवखा माणूस डाव्या हाताने दांडी धरून ते सावरायला जातो आणि मग तो हात सुरांसाठी मोकळाच राहत नाही. सावरायचे असते उजव्या हाताने. त्याच हाताच्या मुठीत आडवी धरलेली रीशा, म्हणजे लांब पट्टीसारखी नखी, जोडीतल्या दोन्ही तारांवर एकदम पडावी लागते. एवढे जमले की रास्त हा मकाम, म्हणजे रागासारखी सुरांची चौकट, समोर येतो. त्याचा तिसरा सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी आहे. आठव्या शतकात बगदादमध्ये नावाजलेल्या झल्झल या ऊदवादकाच्या नावाने ही मधल्या बोटाची जागा ओळखली जाते. दहाव्या शतकात फाराबी या तत्त्वज्ञाने तिचे मापही दिले: तारेचे 27 भाग केले तर 22 वाजते ठेवायचे. तरी प्रश्न मिटला नाही. तुर्की वादक हा सूर अरबांपेक्षा चढा लावतात, आणि 1932 साली कैरोत भरलेल्या अरबी संगीत परिषदेत सप्तकाचे 24 समान भाग मानावेत की नाही यावर एकमत झाले नाही. पेटीच्या पट्ट्यांवर वाढलेल्या कानाला तर हा गंधार सुरुवातीला बेसूरच वाटतो. म्हणजे पारख आधीच तयार होती हे ॲरिस्टॉटलचे गृहीतकच इथे लागू पडत नाही. ती बोट चुकवत-चुकवतच घडते.

आता फळाचे बघू. ‘फळाची आशा धरू नये’ याचा अर्थ आपण अनेकदा ‘जमले तर जमले’ असा करून घेतो. आळसाला इतके सोयीचे तत्त्वज्ञान दुसरे नसेल! ऊद ही सवलत देत नाही. बोट केसभर सरकले की रास्त मोडतो, आणि कान या गंधाराला एकदा सरावला की प्रौढ शिकाऊला ते चटकन कळते, कारण त्याने आयुष्यभर चांगले ऐकलेले असते. सूर नीट लागावा ही इच्छा त्याला सोडता येत नाही. ती सोडली तर वादनच उरत नाही. सुटते ते दुसरे फळ: नाव, बिदागी, स्पर्धेतला नंबर. तत्त्वज्ञ अ‍ॅलास्डेर मॅकिन्टायर यांनी ‘आफ्टर व्हर्च्यू’ (1981) मध्ये कृतीच्या आतले आणि बाहेरचे लाभ असा भेद केला आहे, तो इथे चपखल बसतो. बाहेरच्या लाभावर उदासीन राहायचे आणि आतल्याबद्दल हट्टी, हे दोन्ही एकाच वेळी जमणे म्हणजे निष्कामता, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, ही कोल्ह्याला द्राक्षे आंबट अशातली गत झाली. कीर्ती मिळणारच नाही तर तिचा त्याग कसला? आक्षेप खरा आहे. मिळणे अशक्य असलेल्या गोष्टीच्या त्यागाला मोल नाही, म्हणून या शिकाऊला कोणी विरक्त म्हणू नये. पण माझा दावा त्याच्या पुण्याबद्दल नाही. बाहेरचे फळ आपोआप गळून पडल्यावरही कृती करण्याजोगी राहते का, हे त्याच्याकडे बघून कळते, एवढेच. तरुण कलावंताच्या बाबतीत दोन्ही फळे एकमेकांत गुंतलेली असतात, त्यालाही ती सहज वेगळी काढता येत नाहीत.

दुसरा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. अकराव्या शतकातल्या गझाली या इस्लामी धर्मपंडिताने ‘इह्या’ या ग्रंथातल्या श्रवणावरच्या प्रकरणात संगीत मुळातच निषिद्ध मानले नाही, ऐकणाऱ्याच्या अंतःकरणावर ते काय करते यावर निवाडा सोपवला. तंतुवाद्ये मात्र त्याने वर्ज्य ठरवली, त्याचे एक कारण ती मद्यपींच्या बैठकीची खूण होती. हे कारण संगतीचे आहे, तारेचे नव्हे. आज कैरोच्या ‘बैत अल-ऊद’सारख्या संस्थेत शिकणाऱ्याला ते तसेच्या तसे लावता येईल असे मला वाटत नाही. सश्रद्ध मुसलमानाने मात्र माझ्या वाटण्यावर विसंबू नये, त्याने आपल्या परंपरेतच उत्तर शोधावे. पण गझालीची अंतःकरणाची कसोटी मला सर्वांनाच लावावीशी वाटते, आणि ती प्रौढ शिकाऊलाही सोडत नाही. घरातल्या आजारी माणसाची पाळी टाळून जो रियाजाला बसतो, किंवा ‘या वयातही शिकतोय’ हे चारचौघांत मिरवण्यासाठी शिकतो, त्याने बाहेरचे फळ मागच्या दाराने परत घरात घेतलेले असते, मग त्याचा गंधार कितीही अचूक लागो.