स्मरण कोणाचे?

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत एका विषयास ‘स्मरणचित्र’ असे सुंदर नाव आहे. मुलाने डोळ्यांनी पाहिलेला, मनात साठलेला प्रसंग कागदावर उतरवावा, एवढीच अपेक्षा. वाशिम जिल्ह्यातील मुलाजवळ अशा आठवणींची वाण नाही. पोळ्याचे शिंगे रंगविलेले बैल आहेत, सोयाबीनची मळणी आहे, पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी आहे. तरीही कागदावर पुष्कळदा उगवतो तो दोन डोंगरांमधला सूर्य, आणि शेजारी नारळाचे झाड! वाशिमला हा समुद्रकिनारा कोणी आणला? तो पाठ करून घेतलेला असतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीस वाढीव गुण मिळतात, आणि घोटलेले चित्र सहसा दगा देत नाही.

चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती असे तयार चित्र ठेवणारा शिक्षक त्याचे भले करतो की त्याला फसवितो?

शिक्षकाची बाजू आम्ही हलकी मानीत नाही. वर्ग भरगच्च, तास मोजके, त्यांतलाही एखादा गणिताच्या शिक्षकांना उसना दिलेला. तो परत आल्याचे कोणी पाहिलेले नाही. शिवाय अनुकरण सर्वथा त्याज्य नव्हे. आजचे वाशिम हे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. तेथे रंग भरणाऱ्यांची नावे उरलेली नाहीत. गुरूने शिष्याची रेषा सावरली असेल, तर त्यात असत्य नव्हते. भिंतीवर कोणा एकाचे नावच नव्हते. परीक्षेच्या कागदावर मात्र मुलाचा बैठक क्रमांक असतो. नंदलाल बोस यांनीही तरुणपणी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे शांतिनिकेतनात ते विद्यार्थ्यांना भोवतालची झाडे, खेडी, माणसे पाहावयास लावीत. नकलेने हात वळतो, हे खरे. वळलेल्या हाताने काय सांगावे, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.

मानोरा तालुक्यातील तांड्यावरच्या मुलाचे उदाहरण घ्या. घरात आरसे-कवड्या जडविलेला आजीचा कशिदा आहे. संकल्पचित्राच्या तासाला तो मार्गदर्शक पुस्तकातली पाने-फुले गिरवितो. तो नक्षी शिकत नाही. आपल्या घरातले काही गुणांच्या लायकीचे नाही, एवढेच शिकतो. कुमारवयात बसलेली ही लाज लवकर निघत नाही. गुणांच्या लबाडीहून हे नुकसान आम्हांस मोठे वाटते.

म्हणून आमच्या मते शिक्षकाने घागरीच्या तोंडाची गोलाई, बैलाच्या मागच्या पायाचा बाक स्वतःच्या कागदावर काढून अवश्य दाखवावा. मुलाच्या कागदावर हात ठेवू नये, आणि विषय तर मुळीच देऊ नये. यात ‘अ’ श्रेणीची ‘क’ होण्याचा संभव आहे. तशी ती झाली, की शिक्षकांना जाब विचारावयास शाळेत प्रथम कोण जाते, हे पालकांना आम्ही सांगावयास नको.